ओमियाची बोन्सायवाडी आणि तिथली उमेदवारी

ओमिया हे गाव तोक्योच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर आहे. २००१ मध्ये ते साइतामा शहराचा भाग झाले, पण तिथल्या एका वस्तीचे सरकारदरबारी नोंदलेले नावच बोन्साय-चो आहे. कुंडीत झाडे घडवण्याचा धंदा या वस्तीत आला तो भूकंपामुळे.

कला अर्थातच जुनी, आणि मुळात चीनची. तिथे राजपुत्र झांगहुआईच्या ७०६ सालच्या थडग्यात, कुंडीतली झाडे हातात घेऊन चाललेले सेवक भिंतीवर रंगवलेले आहेत. जपानमध्ये १३०९ च्या एका चित्रगुंडाळीत अशी झाडे दिसतात. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, आजच्या तोक्योतल्या दांगोझाका, कोमागोमे या भागांत माळ्यांची घराणी नांदत होती. सरदारांच्या वाड्यांतल्या बागा हेच त्यांचे पोट. १८६८ नंतर सरदारशाही मोडली, तेव्हा मंत्री आणि उद्योगपती गिऱ्हाईक म्हणून पुढे आले. पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु हे त्यांतले नामांकित शौकीन.

पुढे शहर दाटत गेले, गिरण्यांचा धूर वाढला आणि झाडांना मानवेल अशी हवा उरेना. त्यात १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो भागात मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठच्या आगींत तोक्योचा बराच भाग जळाला. त्यानंतर शिमिझु रितारो यांच्या पुढाकाराने काही माळी ओमियाला आले आणि १९२५ साली वस्ती उभी राहिली. स्वच्छ पाणी, मोकळी हवा, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली सच्छिद्र माती आणि राजधानीला जोडणारी आगगाडी, एवढे सगळे तिथे एकत्र मिळाले.

वसणाऱ्यांनी आपसांत नियम ठरवले. प्रत्येक घरी किमान दहा बोन्साय हवीत. फाटक आल्यागेल्याला उघडे असावे. घर दुमजली बांधू नये. कुंपण भिंतीचे नको, झुडपांचे असावे. वाचायला हे नियम सौंदर्यदृष्टीचे वाटतात. खरे तर त्यांत धंद्याचे शहाणपण जास्त आहे. दुमजली घराची सावली शेजाऱ्याच्या कुंड्यांवर पडते आणि बंद फाटकातून गिऱ्हाईक आत येत नाही. १९३५ च्या सुमारास इथे तीसेक बागा होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी तोक्योच्या कलासंग्रहालयात ‘कोकुफु’ हे प्रदर्शन सुरू झाले होते. त्यामुळे बोन्साय माळ्याच्या फळीवरून चित्र-शिल्पांच्या दालनात गेले.

या बागांत विद्या शिकवली जात नसे, ती उचलावी लागे. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की उस्तादाच्या घरी राहायला यायचा. साधारण पाच वर्षांची उमेदवारी, वर एखादे वर्ष कृतज्ञतेची चाकरी, असा रिवाज होता. सुरुवात झाडलोटीने, तण काढण्याने, कुंड्या उचलण्याने. पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षे जातात, असे जपानी माळी म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती फार नाही. बागेत शेकडो कुंड्या असतात आणि प्रत्येकीची तहान वेगळी. उथळ कुंडीतला मेपल उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागतो. शेजारच्या काळ्या पाइनला तेवढेच घातले तर मुळे कुजतात. अकादामा ही लालसर माती ओली असताना गडद आणि सुकली की फिकी दिसते. हा रंगातला फरक ओळखून झारी कुठे थांबवायची, ते उमेदवाराने स्वतःच ताडायचे.

तार हातात मिळायची ती बऱ्याच उशिरा. तांब्याची तार आधी तापवून नरम करतात. ती वाकवली की कडक होते आणि फांदीला हव्या त्या वळणावर धरून ठेवते. एकाच तारेने दोन फांद्या बांधायच्या, वेढे तिरपे आणि सारख्या अंतराने घ्यायचे, एकावर एक चढू द्यायचे नाहीत. साल दबायला लागण्याआधी तार उतरवायची, तीही उलगडून नव्हे, तुकडे तुकडे कापून; उलगडताना फांदी मोडू शकते. काळ्या पाइनचे कोंब उन्हाळ्याच्या सुरुवातीला खुडले की दुसरा बहर आखूड पानांचा येतो. हे खुडणे आठवडाभर पुढेमागे झाले तरी पानांची लांबी बिघडते. असे हंगाम वर्षातून एकदाच येतात, म्हणून पाच वर्षांची मुदत एरवी वाटते तितकी लांबलचक नाही. अर्थात, जवळजवळ बिनपगारी हात मिळत असल्याने उस्तादांनाही ती आखूड करण्याची घाई नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात बोन्साय ही चैन ठरली. तरुण सैन्यात गेले, बऱ्याच बागा बंद पडल्या. युद्धानंतर गिऱ्हाईक आले ते अनपेक्षित दिशेने: तळ देऊन बसलेल्या अमेरिकनांकडून. त्यांच्यातल्या शिकू पाहणाऱ्यांना उस्तादाच्या घरी राहून पाच वर्षे झाडलोट करणे शक्यच नव्हते. १९५२ मध्ये तोक्योत युजी योशिमुरा यांनी परदेशी लोकांसाठी वर्ग सुरू केले आणि १९५७ साली जोव्हाना हॅलफर्ड या शिष्येसोबत इंग्रजी पुस्तक लिहिले. जे ज्ञान नजरेने टिपायचे, त्याला इथे पायऱ्या आणि आकृत्या मिळाल्या. जुन्या वळणाच्या माळ्यांना हे रुचणे कठीणच होते. पण जगभरच्या हौशी लोकांपर्यंत ही कला पोहोचली ती अशाच वर्गांतून आणि पुस्तकांतून.

१९८९ मध्ये ओमियात पहिले जागतिक बोन्साय संमेलन भरले. मानसेइ-एन या बागेचे सबुरो कातो यांचा त्यात मोठा वाटा होता. तोवर बागांची संख्या घटू लागली होती. जमिनीचे भाव वाढले, वारसाकर जड झाला आणि मुलांना दुसरे व्यवसाय बरे वाटू लागले. आज तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच बागा उरल्या आहेत. २०१० साली साइतामा शहराने तिथे बोन्साय संग्रहालय उघडले. तिथली झाडे जिवंत असल्याने त्यांना रोज पाणी लागते, दरवर्षी छाटणी लागते, काही वर्षांनी कुंडी आणि माती बदलावी लागते. त्यामुळे संग्रहालयालाही कसलेले हात हवे असतात. दरम्यान जपानी बागांत परदेशी उमेदवार येऊ लागले आहेत. त्यांची सुरुवातही झाडलोटीने आणि पाण्यानेच होते.