कुलूप बिऱ्हाडकरूचं

चाळीच्या मालकाकडे खोल्यांच्या किल्ल्या नसायच्या, हे आमच्या घरं सांभाळण्याच्या धंद्यातल्या नव्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. माझे वडील गिरगावात एका मालकाची भाडेवसुली करत. त्यांच्या पिशवीत पावतीपुस्तक असे, शाईपेन असे. किल्ली एकही नसे. मालकानं द्यायचं ते दार आणि कडी-कोयंडा. कुलूप बिऱ्हाडकरूनं आपलं आणायचं. ऐपत असेल तर लालबागेत १८९७ साली सुरू झालेल्या गोदरेजचं, नसेल तर अलीगढचं. गावी जाताना किल्ली शेजारच्या काकूंकडे. मालकाला त्याची गंधवार्ताही नसे.

मग १९४७चा भाडेनियंत्रण कायदा आला. मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली गेली आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं. खोली सोडणारा आता फुकट कशाला सोडेल? अशी वरची रक्कम, म्हणजे पागडी, घेणं या कायद्यानं गुन्हा होता, म्हणून व्यवहार कागदावर येतच नसे. रोकड मोजून झाली की किल्ली पुढे सरकायची, मालक रिवाजाप्रमाणे आपला हिस्सा घ्यायचा आणि पावती नव्या नावावर फाटायची. खोलीचा ताबा गेला याची उघड खूण एवढीच.

माझ्या मते मालकांचा धीर खरा सुटला तो १९७३ साली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे कुणी चालू लायसन्सवर, म्हणजे भाडेकरार न करता नुसत्या मुदतीच्या परवान्यावर, राहत होते, त्यांना कायद्यानं भाडेकरू ठरवलं. वर्षभरासाठी म्हणून दिलेली जागा पिढ्यांसाठी गेली. तेव्हापासून फ्लॅटवाले म्हणू लागले, बंद राहिला तरी चालेल, पण भाड्यानं नको. आमचा धंदा उभा राहिला तो या बंद फ्लॅटांवर. मालक अमेरिकेत किंवा दुबईत, किल्ली आमच्या कपाटात. महिन्यातून एकदा जायचं, खिडक्या उघडायच्या, नळ सोडून बघायचे, गळती कुठे आहे का पाहायचं, टपाल गोळा करायचं आणि पुन्हा लॅच ओढून यायचं.

१९९९च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्यानं (लागू झाला ३१ मार्च २००० पासून) पागडी कायदेशीर झाली. लायसन्सची मुदत संपूनही जो हलणार नाही त्याला दुप्पट शुल्काची तरतूद झाली. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, हेही आलं. लोक तरी अकरा महिन्यांचाच करार मागतात; जुनी सवय, दुसरं काय. भीतीही पुरती गेलेली नाही. २०११च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांच्या वर घरं रिकामी सापडली. सगळी काही भीतीपोटी बंद नव्हती, पण त्यातली बरीच होती असं मी पैजेवर सांगेन.

आमच्याकडे आता किल्लीच्या बिल्ल्यावर फ्लॅटचा नंबर लिहीत नाहीत. आमचा आमचा आकडा असतो आणि इमारतीचं नाव वेगळ्या वहीत. किल्ली गहाळ झाली तरी ज्याला सापडेल त्याला दार कुठलं ते कळू नये. प्लंबरला दिली तर वेळ टाकून सही घ्यायची. भाडेकरू राहायला आला की मात्र आमच्याकडच्या जोडकिल्लीला हात लावायचा नाही. त्याला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकलं तर भांडण पोलीस चौकीत जातं. निघताना सगळ्या किल्ल्या मोजून घ्यायच्या, मीटरचं रीडिंग लिहायचं, ताबा मिळाल्याची सही करायची आणि मगच डिपॉझिटचा चेक. तेवढ्यावर न थांबता मी लॅचचा सिलिंडर बदलतो. मालक खर्चाला कुरकुरतात. जाणाऱ्यानं कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून किती डुप्लिकेट काढून घेतल्या, हे मला तरी सांगता येत नाही, असं मी त्यांना कळवतो आणि बिल पाठवतो.