घोंगडे भिजत का पडले?

एखादे काम वर्षानुवर्षे रेंगाळले की आपण म्हणतो, 'त्याचे घोंगडे भिजत पडले आहे.' सरकारी कचेरीपासून घरातल्या वाटणीपर्यंत हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. पण खरोखरचे भिजलेले घोंगडे ज्यांनी कधी उचलून पाहिले आहे, अशी माणसे आता किती उरली असतील? मी उचलले आहे. पाणी प्यायलेली ती लोकर लहान मुलाला पेलत नाही आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळतही नाही.

माझे बालपण जुन्नर तालुक्यात, मीना नदीच्या काठच्या एका गावात गेले. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचा स्वभाव सारखाच. पश्चिमेला सह्याद्री, धो धो पाऊस आणि भातखाचरे. पूर्वेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो आणि अण्याच्या पठारावर तर माळच माळ. पश्चिमेचा माणूस पावसात इरले घ्यायचा, पूर्वेचा घोंगडीची खोळ करून डोक्यावर घ्यायचा. आमचे गाव मधले, त्यामुळे आमच्या पडवीत दोन्ही टांगलेली असत.

दिवाळी झाली की आम्ही मुले वाट पाहायचो ती धनगरांच्या वाड्याची. वाडा म्हणजे घर नव्हे. चार-सहा कुटुंबे, त्यांची मेंढरे, कुत्री, आणि घोड्यांवर लादलेले बिऱ्हाड, या सगळ्या फिरत्या संसाराला वाडा म्हणतात. मेंढीला ओल सोसत नाही, चिखलात तिचे खूर कुजतात. म्हणून पावसाळा पूर्वेच्या कोरड्या माळावर काढायचा आणि पीक निघाले की पश्चिमेकडे सरकायचे, असा हा क्रम. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतले मेंढपाळ अशा वाटेने थेट कोकणापर्यंत जातात.

आमच्या रानात बसणाऱ्या वाड्याच्या कारभाऱ्याला आम्ही मामा म्हणायचो आणि त्यांच्या घरच्यांना मामी. ज्वारी-बाजरी निघालेल्या मोकळ्या वावरात मामा वाघर लावायचे, म्हणजे खुंट्यांवर दोरीची जाळी ताणायचे, आणि रात्री मेंढरे त्यात बसायची. दोन-तीन रात्री झाल्या की वाघर पुढच्या तुकड्यात. असे करत सगळे रान लेंड्यांनी आणि मुताने खतावून निघायचे. बदल्यात माझे आजोबा धान्य मोजून द्यायचे. कागद नाही, सही नाही. पुढच्या वर्षी यायचे की नाही, हेही कोणी विचारत नसे. ते येणारच असत.

या व्यवहारात लोकर तिसऱ्या क्रमांकावर होती, हे मला फार उशिरा कळले. मेंढी आधी खतासाठी पोसली जायची, मग विकण्यासाठी आणि मग लोकरीसाठी. दख्खनी मेंढीची कातरणी वर्षातून दोनदा होते आणि एका वेळी हाती लागते जेमतेम अर्धा किलो लोकर. दोन किलोची घोंगडी म्हटली तरी चार-पाच मेंढ्या कातराव्या लागतात. कोकराची पहिली लोकर सगळ्यांत मऊ. तिला जावळच म्हणतात, जसे आपण बाळाच्या केसांना म्हणतो. जावळाची घोंगडी म्हणजे चैन.

कातरलेली लोकर रंगाप्रमाणे निवडायची, पिंजायची, मग बायका तिचे सूत काढायच्या. सूत गेले की काम सणगराचे. काही गावांत खुटेकर धनगरही विणायचे. आमच्या बाजाराच्या गावी एक सणगर होते. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून कुंच्याने ती एकसारखी फिरवायची, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचे. नवी घोंगडी खळीमुळे पुठ्ठ्यासारखी ताठ असे. वापरता वापरता ती नरम पडे.

ही लोकर जाडीभरडी का, असा प्रश्न साहेबालाही पडला होता. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने १८३१ साली इथल्या प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यात त्याने दख्खनच्या मेंढीची लोकर आखूड, राठ आणि बहुतेक काळीच असते, अशी नोंद केली आहे. विसाव्या शतकात ती 'सुधारण्यासाठी' मेरिनो आणि रॅम्बुले जातींच्या नरांशी संकर करून पाहिले गेले. पण रोज कोसभर चालणाऱ्या, मिळेल ते खाणाऱ्या भटक्या कळपांत ते रुजले नाहीत. दख्खनी लोकरीचा तंतू मेरिनोच्या दुपटीहून जाड असतो आणि पुष्कळदा आतून पोकळ. त्याचे स्वेटर टोचतात हे खरे. पण माळावरच्या थंडीवाऱ्यात आणि भुरभुर पावसात अंगावर घ्यायला, खाली अंथरायला त्याच्यासारखे दुसरे काही नव्हते. साहेबाच्या गिरणीला जे वैगुण्य वाटले, तेच आमच्या शेतकऱ्याला हवे होते.

या वाटा किती जुन्या असाव्यात? दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत हिंडले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या पुस्तकात त्यांनी दाखवले, की अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे, देवीची उघड्यावरची ठाणी आणि मेंढपाळांच्या फिरतीच्या वाटा पुष्कळदा एकमेकींशी जुळतात. जर्मनीहून येऊन पुण्याशी एकरूप झालेले गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा आपला ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध केला आणि धनगरांच्या ओव्यांना अभ्यासकांच्या दालनात मानाचे स्थान दिले. जागरणाला आजही आमच्याकडे घोंगडी अंथरूनच तळी भरतात.

मग इतके जुने, इतके घट्ट विणलेले हे कापड उसवले कसे? नायलॉनची ब्लँकेटे आली म्हणून, असे आपण पटकन सांगतो. ते खोटे नाही, पण पुरतेही नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कुकडी प्रकल्पाची धरणे एकामागून एक भरू लागली. येडगाव, वडज, माणिकडोह, पुढे डिंभे. कालवे आले, ऊस आला, जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आमच्या भागाचे दारिद्र्य त्या पाण्याने हटवले, माझे शिक्षणही त्याच पैशावर पुरे झाले. त्या पाण्याला मी नावे ठेवणार नाही. पण दिवाळीनंतर मोकळे राहणारे रान त्याने संपवले. खत पोत्यातून येऊ लागले. उसात बिबट्या राहायला आला आणि उघड्यावर बसणारी मेंढरे त्याला आयतीच सापडू लागली.

१९८३ची दिवाळी मला चांगली आठवते. मी तेव्हा शाळामास्तर झालो होतो, घरी पहिली मुलगी झाली होती. मामा नेहमीसारखे बांधावर येऊन उभे राहिले. समोर डोक्याएवढा ऊस. वडील अवघडून म्हणाले, "यंदा रान मोकळं न्हाई, पाव्हणं."

मामा थोडा वेळ उसाकडे पाहत राहिले. म्हणाले, "असू द्या. पाणी आलं, चांगलं झालं."

चहा घेऊन निघताना त्यांनी घोड्यावरून एक गाठोडे काढून माझ्या हातात दिले. जावळाची लोकर होती, काळीभोर. "लेकीसाठी घोंगडी विणून घ्या, मास्तर. नरम होईल."

त्यानंतर तो वाडा आमच्या शिवारात बसला नाही. आणि ती लोकर? सूत कोणाकडून काढून घ्यायचे, सणगराकडे कधी जायचे, या रविवारी की पुढच्या, असे करत ती माळ्यावर राहिली. १९८९ साली एकदाचा मी बाजाराच्या गावी गेलो. सणगरांनी मागाचा खड्डा बुजवून त्यावर शहाबादी फरशी घातली होती. "आता कुणी नेत न्हाई हो, मास्तर," एवढेच ते म्हणाले. घरी येऊन गाठोडे सोडले तर लोकरीला कसर लागलेली. ती मी आंब्याच्या आळ्यात पसरली.

मेंढ्या संपलेल्या नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवे. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. संपली आहे ती लोकरीची किंमत. कातरणीची मजुरी लोकरीच्या भावाहून जास्त पडते, म्हणून कातरलेली लोकर पुष्कळदा माळावरच टाकून दिली जाते. तिकडे आपल्या गिरण्या मात्र ऑस्ट्रेलियाची लोकर आणतात. कळपांतही आता मडग्याळसारख्या, मटणाला भारी आणि लोकरीला हलक्या जाती शिरल्या आहेत. मेंढपाळाला दोष कसा द्यायचा? आपण जे विकत घेतो, तेच तो पाळणार.

मेंढी व शेळी विकासासाठी राज्यात महामंडळ आहे, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचे आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले आहे. शहरांतून हौशीने घोंगडी विकत घेणारेही दिसतात, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण घोंगडी मागावर सुरू होत नाही. ती सुरू होते मोकळ्या वावरात लावलेल्या वाघरीपासून. रासायनिक खताने थकलेल्या जमिनीत पुन्हा मेंढ्या बसवणारे शेतकरी आजही आहेत. दोन पिकांच्या मधे आठ रात्री रान मोकळे ठेवणे त्यांना जमते. तेवढे आणखी काहींना जमले, तर सणगराचा माग हलण्याची आशा धरता येईल.

माझी मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली आहे. गाठोड्याची हकीकत मी तिला या भाषणाच्या निमित्ताने पहिल्यांदाच सांगितली. तिने विचारले, "मामा नंतर कधी भेटले का?"

नाही भेटले. ढवळपुरी आमच्या गावापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. मी गेलो नाही.