झोपेत बाळाचा श्वास थांबल्यासारखा वाटतो? साधं काय, धोक्याचं काय?

नवजात बाळ झोपलं की घरातल्यांची नजर त्याच्या पोटाकडे जाते. श्वास कधी भरभर, कधी संथ, कधी थांबल्यासारखा. यातलं साधं काय आणि धोक्याचं काय, हे प्रत्येक घरात माहीत हवं.

झोप दोन प्रकारची

नवजात बाळ दिवसरात्र मिळून साधारण १६ तास झोपतं. त्यातली जवळपास निम्मी झोप चळवळी असते. पापण्यांखाली डोळे फिरतात, हातपाय झटकतात, बाळ हसतं. आपल्याकडे 'सटवाई हसवते' म्हणतात, ती हीच झोप. यात श्वास एकसारखा नसतो. बरगड्यांचे स्नायू सैल पडतात, म्हणून पोट वर येताना छाती थोडी आत जाते.

दुसरी शांत झोप. बाळ निपचित दिसतं, पण श्वास एका लयीत चालतो. या दोन्ही झोपा आलटून पालटून येतात.

श्वास का थांबतो?

श्वासावर ताबा ठेवणारा मेंदूचा भाग अजून कच्चा असतो. त्यामुळे श्वास ५ ते १० सेकंद थांबतो, मग भरभर चालतो आणि परत सुरळीत होतो. रंग बदलत नसेल, बाळ नीट पीत असेल तर घाबरू नका. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळात हे जास्त दिसतं. त्याला जास्त जपावं लागतं.

श्वास कसा मोजायचा?

बाळ शांत असताना पोट उघडं करून घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, आकडा चुकतो. ३० ते ६० च्या दरम्यान ठीक. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

• श्वास २० सेकंद किंवा जास्त थांबणे
• ओठ, जीभ निळी पडणे
• दुसऱ्यांदा मोजूनही ६० किंवा जास्त श्वास
• छाती खोल आत ओढली जाणे, कण्हणे, नाकपुड्या फुलणे
• दूध न ओढणे, अंग गार किंवा तापलेलं असणे, बाळ लुळं पडणे

श्वास थांबलाच तर पाठ चोळा, तळपायाला टिचक्या मारा. बाळाला गदागदा हलवू नका. लगेच १०८ ला फोन करा. बाळाला आईच्या छातीशी धरून ऊबेत न्या. पोटाला चटके देणे, बिब्बा लावणे यात जीव जाऊ शकतो.

आशाताईंना विचारा

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत आपल्याच राज्यातली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना शिकवून ती उभी केली. आशाताई आल्या की श्वास मोजायला त्यांच्याकडूनच शिकून घ्या.

बाळाला उताणंच झोपवा. तोंडावर गोधडी नको, खोलीत चुलीचा किंवा विडीचा धूर नको.