तळटीप : योहानाचा शिपायांना उपदेश

* संदर्भ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय ३, वचन १४. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाईही आले होते. त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही, तीन बंधने मात्र घातली : दमदाटीने कोणाचे पैसे उकळायचे नाहीत, कोणावर खोटा आळ घ्यायचा नाही आणि पगारात समाधान मानायचे. कफर्णहूमचा शताधिपती (मत्तय, अध्याय ८) आणि कर्नेल्य (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०) हेही लष्करी अधिकारीच. त्यांतल्या पहिल्याच्या विश्वासाची खुद्द येशूने वाखाणणी केली. हुकूम पाळणे म्हणजे काय, हे तो शताधिपती पलटणीतच शिकला होता.

हा उपदेश आपल्याकडच्या फौजी मुलखालाही लागू आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. सातारा-सांगलीकडे फौजेची नोकरी आजही मानाची आहे, आणि माजी सैनिकाच्या शब्दाला गावात वजन असते. म्हणून योहानाची ही बंधने पेन्शनीत निघाल्यावरही सुटत नाहीत. ते वजन दुबळ्यावर कधीच वापरू नये; ख्रिस्ती जवानाने हे वचन निदान एवढे तरी पाळावेच.