शेतातल्या जुन्या रेषा

वसंत ऋतूत दक्षिण इंग्लंडवरून लहानशा विमानातून केवळ मौजेखातर फेरफटका मारणाऱ्यास खाली शेतांचे चौकोन दिसतात. श्रोतेहो, त्या चौकोनांत कधी एखादे वर्तुळ उमटलेले असते, आणि ते कोणा हयात शेतकऱ्याने आखलेले नसते.

१९२५ च्या डिसेंबरात इन्सॉल हे हवाई दलाचे अधिकारी स्टोनहेंजच्या परिसरात विमान चालवीत असता त्यांस शेतात एक वर्तुळ व त्यात चुनखडीचे पांढरे डाग दिसले. पुढच्या जुलैत तेथे गहू उभा होता. वरून पाहतात तो काय, गव्हात गर्द ठिपक्यांची वलये! कारण साधे आहे. फार पूर्वी खणलेला खड्डा बुजला, तरी त्यातील माती ओल धरून राहते. तिच्यावरचे पीक उंच व हिरवेगार वाढते. पुरलेल्या भिंतीवर मात्र ते खुरटते, लवकर पिवळे पडते. उत्खननात लाकडी खांबांच्या खळग्यांची सहा वलये निघाली. हेच वुडहेंज.

त्याआधी, १९२३ मध्ये, क्रॉफर्ड यांनी हवाई छायाचित्रांवरून स्टोनहेंजच्या लुप्त मार्गाचा माग काढला होता. हे गृहस्थ सरकारी नकाशाखात्यातले; दप्तरातही असे शोध लागतात, हे मी अगत्याने सांगतो!

परंतु ज्या नांगराने ही पिके उभी राहतात, तोच नांगर दरसाल त्या खड्ड्यांचा थोडाथोडा भाग खरवडून नेतो. वुडहेंजचा बांध नांगरटीने केव्हाच जवळजवळ सपाट झाला होता. खांबांच्या जागी तेथे आता काँक्रीटचे खुंट उभे आहेत.