पात्यावरचे वाचन : होनामी घराणे आणि जपानी तलवारीची जिल्हई

समीक्षेला 'धारदार' म्हणण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. 'धार' हा शब्द मात्र आपण फार ढिलाईने वापरतो. धार लावणे आणि जिल्हई देणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि त्यांचे एकमेकींशी नेहमीच पटते असे नाही. पहिलीचा संबंध कापण्याशी, दुसरीचा दिसण्याशी. जपानमध्ये तलवारीच्या बाबतीत ही दोन्ही कामे शतकानुशतके एकाच कारागिराकडे राहिली. त्याला 'तोगिशी' म्हणतात. तलवार घडवणारा लोहार निराळा, म्यान करणारा निराळा, मूठ बांधणारा निराळा. लोहाराच्या हातून पाते तयार झाले तरी तोगिशीच्या हाताखालून जाईपर्यंत ते वाचता येत नाही. 'वाचता' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही.

पात्यात वाचण्याजोगे काय असते, ते आधी पाहू. लोहार पोलाद पुन्हापुन्हा घडी घालून ठोकतो. त्या घड्यांचे थर पात्याच्या अंगावर लाकडाच्या रेषांसारखे उतरतात. मग पात्यावर मातीचा लेप चढतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. असे पाते तापवून पाण्यात बुडवले की धार झटकन निवते आणि अतिशय कठीण होते. लेपाखालचे अंग सावकाश निवते आणि तुलनेने मऊ राहते. पोलादाला 'पाणी देणे' हा मराठी वाक्प्रचार इथे अक्षरशः घडतो. कठीण आणि मऊ यांच्या सीमेवर ढगाच्या कडेसारखी जी पांढुरकी रेषा उमटते, तिला 'हामोन' म्हणतात. कोणत्या शतकातले, कोणत्या प्रांतातले, कोणत्या परंपरेतले पाते, हे जाणकार या रेषेवरून आणि अंगावरच्या पोतावरून सांगतो.

हे सारे उघडे होते ते दगडांमुळे. तोगिशी बुटक्या बैठकीवर बसतो, पायाखालच्या आकड्याने दगड जागच्या जागी दाबून धरतो आणि दोन्ही हातांनी पाते दगडावर सरकवतो. भरड दगडापासून सुरुवात करून तो क्रमाने बारीक दगडांकडे येतो. प्रत्येक दगडाने आधीच्याचे ओरखडे पूर्ण पुसायचे, पण पात्याच्या कडा आणि कोन बोथट होऊ द्यायचे नाहीत. शेवटचा मोठा दगड म्हणजे क्योतोच्या परिसरातून मिळणारा 'उचिगुमोरी'. पुढे त्याच जातीच्या दगडाच्या कागदासारख्या पातळ चकत्या अंगठ्याखाली धरून इंचाइंचाने काम चालते. त्यानंतर लोहभस्माची बारीक पूड तेलात कालवून, गाळून, पात्याच्या अंगावर चोळतात, म्हणजे पोलादाचा रंग गडद होतो. मऊ नैसर्गिक दगड कठीण भागाला आणि मऊ भागाला सारखे घासत नाही, आणि या असमानतेतूनच पोत दिसू लागतो. उलट, फिरत्या चाकावर अपघर्षक लावून पाते झटपट लखलखीत केले तर सगळे पृष्ठ एकसारखे होते. पाहणाऱ्याला आपला चेहरा दिसतो आणि हामोन नाहीसा होतो.

आरशासारखी चकाकी जपानी तलवारीवर असते, पण ती कुठे असते हे पाहण्यासारखे आहे. पात्याच्या लांबीतून एक कणा जातो. कण्यापासून पाठीपर्यंतचा पट्टा आणि खुद्द पाठ एवढाच भाग पोलादी सळईने घोटून आरशासारखा करतात. त्याखालचे गडद अंग आणि धारेजवळचा पांढुरका भाग यांना घोटण्याची सळई लावायची नाही. मजकूर जिथे आहे तिथे आरसा नको, असा हा साधा नियम आहे. 'साहित्य हा समाजाचा आरसा' हे वाक्य वर्गात वर्षानुवर्षे लिहून देणाऱ्या आम्हा मंडळींना तो थोडा अडचणीत टाकतो.

या कलेच्या इतिहासात होनामी घराण्याचे नाव मध्यवर्ती आहे. आशिकागा शोगुनांच्या सेवेपासून परंपरा सांगणाऱ्या या घराण्याची तीन कामे सांगितली जातात : तलवारींना जिल्हई देणे, त्यांची निगा राखणे आणि त्यांची पारख करणे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशीच्या आश्रयाने होनामी कोतोकू याच्याकडे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आला. कर्त्याचे नाव आणि सोन्याच्या नाण्यांतली किंमत असलेल्या या घडी घातलेल्या कागदाला 'ओरिगामी' म्हणत. आपण मुलांना शिकवतो त्या कागदकलेचेही नाव हेच, कारण शब्दाचा अर्थच 'घडीचा कागद' असा आहे. जपानी भाषेत आजही खात्रीच्या माणसाला किंवा मालाला 'ओरिगामीसह' अशा अर्थाचे विशेषण लावतात.

या अधिकाराचे वजन कळायला एक उदाहरण पुरे. फुकुओकाच्या शहर संग्रहालयात 'हेशिकिरी' नावाची एक तलवार आहे. ओदा नोबुनागाने भांड्यांच्या मांडणीखाली लपलेल्या एका सेवकाला मांडणीसकट केवळ दाबून कापले, म्हणून हे नाव, अशी आख्यायिका आहे. ही तलवार मुळात अधिक लांब होती. नंतरच्या धाटणीला जुळावी म्हणून ती मुठीच्या बाजूने कापून आखूड केली गेली. अशा कापाकापीत लोहाराची सही असलेला भाग जातो. आज या पात्याच्या मुठीतल्या भागावर सोन्याच्या अक्षरांत हासेबे कुनिशिगे या लोहाराचे नाव आहे, पण ते कोतोकूच्या निर्णयाने कोरलेले आहे. कर्त्याची सही गेली आणि तिच्या जागी वाचकाची आली. निर्णय बरोबर असेल, पण तो निर्णय आहे, सही नव्हे.

जो जिल्हई देतो तोच पारख करतो आणि तोच किंमतही ठरवतो, यातला धोका उघड आहे. तोकुगावा काळात सरदारांमध्ये तलवारी भेट म्हणून फिरत आणि भेटीचा मान कागदावरच्या आकड्याने ठरे. होनामी कोचू हा या घराण्याचा फार काटेकोर पारखी. शोगुन योशिमुनेच्या आज्ञेवरून 1719 मध्ये त्याने नामांकित तलवारींची यादी सिद्ध केली. तीत आगीत जळून गेलेल्या तलवारींचीही नोंद आहे, हे मला विशेष वाटते. कोचूच्या काळातली प्रमाणपत्रे अभ्यासक विश्वसनीय मानतात. त्याच्यानंतरच्या कागदांवर मात्र नावे उदार आणि किमती फुगीर होत गेल्या. प्रस्तावना लिहून देण्याची परंपरा असलेल्या आपल्या वाङ्मयव्यवहाराला याचे नवल वाटू नये.

याच घराण्यातला कोएत्सू (1558–1637) आपल्या अभ्यासक्रमांत आला तर सुलेखनकार आणि कुंभार म्हणून येतो. तोगिशीच्या घरचे संस्कार त्याच्या कामात शोधायला हवेत. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याची एक दौतपेटी आहे. पेटी सोनेरी, आणि तिच्यावरून शिसाच्या पत्र्याचा रुंद, निस्तेज पट्टा जातो. तो होड्यांचा पूल आहे. पेटीवर एक जुनी कविता चांदीच्या अक्षरांत विखुरली आहे, पण 'होड्यांचा पूल' हा शब्द तिच्यातून गाळलेला आहे. तो शिसाच्या पट्ट्याने वाचायचा. चकाकीच्या मधोमध चकाकी न घेणारा धातू ठेवून अर्थ तिथे वळवण्याची ही बुद्धी जिल्हईच्या ओट्यावर बसल्याशिवाय आली असेल, असे मला वाटत नाही. अर्थात हे माझे अनुमान.

1876 मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी केली. सामुराईची कंबर रिकामी झाली तसा तोगिशीचा ग्राहकही बदलला. पाते आता संग्राहकाच्या दिव्याखाली आले. याच काळात 'हादोरी' ही पद्धत रुळली, आणि तिचे श्रेय सामान्यतः होनामी हेइजूरो नारिशिगे याला दिले जाते. हादोरीत धारेजवळचा भाग दगडाच्या चकतीने हामोनच्या अनुरोधाने पांढरा करतात. लांबूनही पाते देखणे दिसते. गोम अशी, की ही पांढरी कड तोगिशीने काढलेली असते. ती हामोनच्या जवळून जाते, पण हामोन नसते. नवखा पाहणारा तिलाच हामोन समजतो. खरी रेषा पाहायची तर पाते हातात घेऊन दिव्याच्या दिशेने कलते धरावे लागते, तेव्हा पांढरेपणाच्या आतून मूळची कणीदार कड चमकते. हादोरीहून जुनी 'साशिकोमी' पद्धत ही वेगळी कड काढत नाही. तिच्यात पाते कमी उठावदार दिसते आणि अधिक खरे दिसते, असे तिचे पक्षपाती म्हणतात. टीकाग्रंथ वाचून मूळ ग्रंथ वाचल्याचे समाधान मानणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, म्हणून माझा कल साशिकोमीकडे आहे. पण लहानसा, दडलेला हामोन हादोरीने उजेडात येतो, हेही नाकारता येत नाही.

1945 च्या पराभवानंतर असंख्य तलवारी जप्त झाल्या. 1948 मध्ये कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. 1975 मध्ये होनामी निश्शू याला 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळाला.

या कलेत एक तोटा भरून न येणारा आहे. प्रत्येक जिल्हईत पोलाद जाते, थोडेच, पण परत न येणारे. सातशे वर्षांच्या पात्यावर अनेक पिढ्यांचे हात फिरलेले असतात. वरचे घडीचे पोलाद झिजले की आतले मऊ, पोत नसलेले पोलाद डोकावू लागते. अशा पात्याला जपानी जाणकार 'थकलेले' म्हणतात. म्हणून चांगला तोगिशी काम हाती घेण्यापूर्वी ते न करण्याचा विचार करतो. मुठीतला भाग तर तो कधीच स्वच्छ करत नाही. तिथला काळसर गंज हाच वयाचा पुरावा असतो.

तोगिशी पात्यावर आपले नाव घालत नाही. मुठीलगत, पात्याच्या मुळाशी बसणाऱ्या धातूच्या पट्टीजवळ, तो घोटण्याच्या सळईने काही बारीक समांतर रेषा तेवढ्या ओढतो. हीच त्याची सही समजली जाते. पुढचा तोगिशी पाते पुन्हा दगडावर घेतो, तेव्हा त्या रेषा पुसल्या जातात.