मुंबईचा शेअरसट्टा आणि मंदीतील शहाणपण

बाजार कोसळला की ‘विकावे की थांबावे’ हा एकच प्रश्न जिकडेतिकडे ऐकू येतो. आमच्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारावयास हवा : हाती असलेला शेअर कोणाच्या पैशाने घेतला आहे? १८६५ साली मुंबईवर जी आपत्ती कोसळली, तिचे मर्म या प्रश्नातच आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठी मुंबईकडे पाहू लागल्या. भाव चढले, सोन्याचांदीचा ओघ शहरात लोटला. या पैशाच्या आधारावर बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. या साऱ्या उलाढालीत प्रेमचंद रायचंद यांचा शब्द प्रमाण मानला जाई.

खरा धोका मात्र चढत्या भावात नव्हता. तो कर्जात होता. बँक ऑफ बॉम्बेत सरकारचेही भांडवल होते. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल झाली आणि शेअरच्या तारणावर ती कर्जे देऊ लागली. भाव कर्जावर उभा आणि कर्ज भावावर उभे, असा हा मनोरा होता.

एप्रिल १८६५ मध्ये सेनापती ली शरण गेला. युद्ध संपत आले तसा कापूस उतरला. वायद्यांची मुदत होती १ जुलै १८६५. त्या दिवशी देणे भागवावयास कोणापाशीच रोकड उरली नव्हती. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांवर आला आणि १८६८ साली बँक गुंडाळली गेली. प्रेमचंदही बुडाले. १८६४ साली मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ च्या गणनेत ती ६,४४,४०५ भरली.

ज्याने कर्जाऊ पैशाने शेअर घेतले, त्याला थांबण्याची मुभाच नव्हती. मुदतीच्या दिवशी विकणे भाग होते. स्वतःच्या पैशाने घेणारा थांबू शकत होता. परंतु नुसते थांबणे म्हणजेही शहाणपण नव्हे. बँकेचे भागधारक कितीही थांबले असते तरी मूळ धंदाच सडलेला होता. उलट त्याच शहरात पुढील दशकात कापडगिरण्या झपाट्याने वाढल्या, कारण त्यांच्यामागे चालता धंदा होता. धीर धरावा तो अशा मालमत्तेसाठी.

परप्रांती सरकारी सेवेत असलेल्या आपल्यासारख्यांना हा धडा अधिकच जवळचा आहे. १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम शेअरचा सट्टा करण्यास मनाई करतात आणि वारंवार केलेल्या खरेदीविक्रीला सट्टाच मानतात. आम्हांला हा नियम जाच वाटत नाही. बदली, आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांची तरतूद आधी वेगळी काढावी. उरलेल्या पगारातून, कर्जाला हात न लावता, थोडे थोडे आणि चार ठिकाणी गुंतवावे. मंदीतही हा क्रम मोडू नये. मात्र ज्या कंपनीचा धंदा आपल्याला दोन वाक्यांत सांगता येत नाही, तिचा शेअर कितीही स्वस्त झाला तरी घेऊ नये.